जागलीची झोप

डोंगरसुद्धा अधूनमधून कूस बदलत असत, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या टोकाला एक मचाण होतं, आणि मचाणावर एक मुलगी बसली होती.

भर दुपारची वेळ होती. मचाणाच्या खांबाची सावली खाली एका धोंड्यापाशी पोचली होती. मुलीनं ती पाहिली. तिच्या डोळ्यांची उघडझाप झाली. पुन्हा पाहते तर सावली धोंडा ओलांडून पलीकडे गेलेली.

मधली वाट सावलीनं कधी कापली, ते तिला काही केल्या आठवेना.

एवढंच झालं. कुणाचं काही बिघडलं नाही, एक पानसुद्धा पडलं नाही. पण मुलीनं घाबरून डोंगराकडे पाहिलं. कारण त्या गावात दुपारी डोळे उघडे ठेवायचं काम एकाच माणसाचं होतं, आणि ते माणूस म्हणजे ती.

हे कसलं काम, असं तुम्ही विचाराल. सांगते.

त्या गावातली सगळी घरं गवतानं शाकारलेली होती. उन्हाळ्यात डोंगरावरचं रान वाळून कडकडीत होई, आणि दुपारी वारा सुटला की वणवा कधी लागेल आणि खाली कधी उतरेल याचा नेम नसे. संध्याकाळी वारा पडे, मग भीती नसे. भीती काय ती दुपारची.

आणि दुपारी तर सगळं गाव झोपे.

त्या गावची वामकुक्षी दूरदूरवर प्रसिद्ध होती. जेवणं झाली की लहानथोर सगळे डाव्या कुशीवर होत, आणि अशी गाढ झोप लागे की पाहुणे मुद्दाम दुपार गाठून येत. पाटलांचा घोडा उभ्या उभ्या झोपे. कुत्री झोपेत पळत. पाय हलत, धाप लागे, आणि उठून बघावं तर स्वारी होती तिथंच. तान्ही बाळं झोपेत खुदकन हसत. सटवाई हसवतेय, असं म्हणून आया त्यांना हलवत नसत. पाटलांचे म्हातारे वडील तर इतक्या तालात घोरत, की आळीतल्या बायका निजता निजता त्या तालावर पाळणे हलवत.

दोन भाऊ बांधावरून हमरीतुमरीवर आले, की जाणती माणसं म्हणत, "आधी पाठ टेका, मग भांडा." भाऊ कुरकुरत पाठ टेकत. उठल्यावर चूळ भरताना एक दुसऱ्याला विचारी, "काय रे, आपण कशावरून भांडत होतो?" दुसऱ्यालाही ते आठवत नसे.

तेव्हापासून गावात एक रीतच पडली. कुणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं की उत्तर ठरलेलं असे, "झोपून उठल्यावर बोलू."

आणखीही एक रीत होती. दुपारी कुणी कुणाला हाक मारायची नाही, आणि कुणी ओ द्यायची नाही. हाक मारायचा हक्क फक्त मचाणावर जागणाऱ्या बाईचा. तिला जागली म्हणत. तिची हाक म्हणजे वणवा. त्या हाकेला दुसरा अर्थच नव्हता.

ही मुलगी जागली कशी झाली, त्याचीही गंमत आहे. लहानपणापासून ती फार दचके. भांडं पडलं तरी दचके, चिमणी उडाली तरी दचके. पोरं मागून टाळी वाजवत आणि ओरडत, "ए दचके, मागं बघ कोण आलंय!" जुनी जागली थकल्यावर पंच पारावर बसले, तेव्हा एकजण म्हणाला, "अहो, ती दचकी आहे की! तिला कुठली झोप लागायला?"

सगळ्यांना ते पटलं. मुलीच्या घाबरण्याला गाव सावधपणा समजलं. तिला झोप म्हणून लागतच नाही, ही देवाचीच देणगी, असं सगळे म्हणू लागले. ज्या गोष्टीसाठी आजवर हसत होते तिचंच कौतुक होतंय, हे पाहून मुलगीही सुखावली. तिनं कुणाला खोडून काढलं नाही.

पण खरी गोष्ट वेगळी होती. ती दोघींनाच माहीत होती.

रोज दुपारी गाव निजलं की मुलीची आई भाकरी घेऊन मचाणावर चढे. लेकीचं जेवण झालं की म्हणे, "टेक डोकं. मी आहे ना बघायला." मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवी. पोर दचकून उठू नये म्हणून आई तिच्या कानावर आपला तळवा ठेवी, आणि स्वतः डोंगरावर नजर लावून बसे. मुलगी थोडाच वेळ झोपे, पण उठे ती टवटवीत होऊन.

संध्याकाळी लोक म्हणत, "बघा, दुपारभर जागून पोर कशी ताजी दिसते!"

घरी आल्यावर मायलेकी तोंडाला पदर लावून हसत. आई म्हणे, "सांगू नकोस हं कुणाला. तुझं नाव झालंय गावात." पोरांनी शिंक्यातला गूळ चोरून खावा, तशी त्यांनी ती झोप लपवून ठेवली. लपवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, पण ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग एका हिवाळ्यात आईला ताप आला, आणि आई गेली.

सगळं गाव मुलीच्या दारात आलं. लोक खरोखरीच रडले. कुणी पिठलं-भाकरी आणली, कुणी रात्री सोबतीला निजलं. माणसं चांगली होती, हे विसरू नका. पुढं उन्हाळा आला, तेव्हा त्याच चांगल्या माणसांनी मचाण नीट बांधून दिलं आणि म्हणाले, "चल गं पोरी. यंदा गप्पांना आई नाही तुझी. करमायचं नाही जरा."

त्यांना वाटत होतं, आई गप्पा मारायला जात होती.

आता रात्री रिकाम्या घरात मुलीचा डोळा लागेना, आणि दुपारी मचाणावर तो उघडा राहीना. तिनं जिभेखाली मिरची धरली. बाभळीचा काटा मुठीत घट्ट आवळून पाहिला. एकदा डोंगरावर धूर दिसला म्हणून ती ओरडायला उठली, आणि नीट बघते तर तिथं धूर नव्हता, काहीच नव्हतं. ती मटकन खाली बसली. आपण ओरडलो असतो तर? आणि तो खराच धूर असता, आणि आपल्याला दिसलाच नसता तर?

त्यानंतर काही दिवसांनीच सावलीनं तिला न सांगता धोंडा ओलांडला.

मचाणाखालच्या माळावर एक टिटवी अंडी उबवत बसलेली असे. बोलायला मोठी फटकळ.

"तू आत्ता झोपली होतीस," टिटवी म्हणाली.

मुलगी इतकी दचकली की मचाणावरून पडायचीच बाकी राहिली. "कोण म्हणतं? मी जागीच होते."

"डोळे उघडे होते. आत कुणी नव्हतं."

मुलीला रडू कोसळलं. रडता रडता ती चिडून म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला! तू तर म्हणे पाय वर करून झोपतेस, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून."

"अगंबाई, अजून सांगतात का ते?" टिटवी हसली. "ह्या काड्यांवर आभाळ झेलू? आणि पाय वर करून झोप तरी लागेल का? एकदा तूच करून बघ. अगं, आम्ही दोघं आहोत. मी डोळा मिटते तेव्हा तो उभा असतो. तो मिटतो तेव्हा मी. त्यात कसली आलीय जादू?"

मुलीनं डोळे पुसले.

"आणि एक चांगली बातमी सांगते," टिटवी जरा मऊ आवाजात म्हणाली. "झोप राग धरत नाही. कितीही दिवस हाकलून दे, मनापासून बोलावलंस की येते. घटकाभर आली तरी पुष्कळ देऊन जाते."

"पण माझ्याजागी बसायला कुणी नाही."

"मग हाक मार कुणाला तरी."

"माझी हाक म्हणजे वणवा," मुलगी म्हणाली. "मी नुसतं पाणी मागितलं, तरी लोक घागरी घेऊन डोंगराकडं धावतील."



त्या संध्याकाळी मुलगी धीर करून पाटलांच्या घरी गेली. पाटलीणकाकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. गावात त्यांच्याइतकं मायाळू कुणी नव्हतं, म्हणून तर ती त्यांच्याकडे गेली.

"काकू, एक बोलायचं होतं."

"बोल की. अशी उभी काय राहिलीस परक्यासारखी? बस."

"काकू, मला झोप येते."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. "ऐकलंत का मामंजी? दचकीला झोप येते म्हणे! उद्या मांजर येऊन सांगेल, मला दूध नको."

ओसरीवरून पाटलांचे म्हातारे वडील खोकत म्हणाले, "यायचीच की. झोप काय कुणाची सोयरीक बघून येते का?"

"तुम्ही पण ना मामंजी!" काकू म्हणाल्या.

"थट्टा नाही काकू," मुलगी म्हणाली. "मला फार भीती वाटते. दुपारचं कुणी माझ्याजवळ येऊन बसेल का? थोडाच वेळ."

काकूंचं हसू ओसरलं. पोरीचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. काकूंना ते दिसलं. पण समोर चूल पेटवायची होती, गाई यायची वेळ झाली होती, आणि गावाच्या सवयीचे शब्द जिभेवर तयार होते.

"आई आठवत असेल तुला," त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "यांच्या कानावर घालते मी. उद्या झोपून उठल्यावर बोलू, हं?"

दुसऱ्या दिवशी काकू झोपून उठल्या. मन कसं हलकं झालं होतं. कालची पोर त्यांना आठवली, पण तीही हलकीच आठवली. एवढं काही नसेल, असं त्यांना वाटलं, आणि त्या पाणी भरायला निघून गेल्या.

झोपेत आपली भांडणं धुतली जातात, हे चांगलंच आहे. पण त्या गावात झोपेत दुसऱ्याची गाऱ्हाणीही धुतली जात होती, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुलगी त्या दिवशी मचाणाच्या शिडीकडे बघत राहिली. पायरी वाजली की तिला वाटे, काकू आल्या. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. मग तिनं शिडीकडे बघणं सोडून दिलं.

आणि एका दुपारी तिला झोप लागली.

तिनं मिरची चावली होती. काटा इतका आवळला होता की तळव्यातून रक्त आलं होतं. पण झोप आली ती अगदी आईसारखी आली, हलक्या पायांनी, आणि तिनं मुलीच्या कानावर तळवा ठेवला. खाली टिटवी घसा फुटेस्तोवर ओरडत होती. मुलीला काही ऐकू आलं नाही.

ती जागी झाली तेव्हा वणवा डोंगर उतरून वरच्या आळीला लागला होता.

ती ओरडली. तिच्या एका हाकेनं सगळं गाव उठलं, हे मात्र सांगायलाच हवं. बायकांनी मुलं उचलली, पुरुषांनी गुरांची दावी कापली, घोडा खिंकाळत रस्त्यावर आला. पाटलांना वाटलं, वडिलांना बायकोनं बाहेर काढलं असेल. पाटलीणकाकूंना वाटलं, मालकांनी काढलं असेल. दोघं गावाबाहेर एकमेकांना भेटले, तेव्हा दोघांचेही हात रिकामे होते.

म्हातारबाबांना झोपेत काही कळलंही नसेल, असं लोक म्हणाले. अशा वेळी लोकांना तसंच म्हणावं लागतं.

आग विझल्यावर गाव पाराभोवती जमलं. पाटलांच्या अंगावर राख होती. त्यांनी विचारलं, "झोपली होतीस?"

"हो," मुलगी म्हणाली.

"पहिल्यांदाच?"

हो म्हणाली असती तर सुटली असती. पण ती खरं बोलली. "नाही. आई होती तेव्हा रोज झोपायची. माझ्याजागी ती बसायची."

गर्दीतून आवाज उठले. "म्हणजे मायलेकींनी गावाला फसवलं!" "आणि आम्ही हिला देवाची देणगी समजत होतो!"

"आईला काही बोलू नका," मुलगी म्हणाली. "ती कधी झोपली नाही. तुमची सगळ्यांची घरं तिनं राखली."

"मग ती गेल्यावर कुणाला सांगायचं होतंस!" पाटील ओरडले. "तोंड नव्हतं तुला?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

बायकांच्या घोळक्यात पाटलीणकाकू उभ्या होत्या. सासरे गेलेले, घर जळालेलं, डोळे सुजलेले. मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं.

"आता आठवत नाही," मुलगी म्हणाली.

पंचांनी मचाण मोडून टाकलं. आता जागली नको, ज्याचं घर त्यानं राखावं, असं ठरलं. मुलीला कुणी मारलं नाही की हाकललं नाही. तिच्याशी बोलणं तेवढं थांबलं.

त्या दिवसापासून गावातली झोपच उडाली. जेवणं झाली की लोक डाव्या कुशीवर होत, पण प्रत्येकाचा एक डोळा दाराकडे. पूर्वी एक माणूस जागत होतं तेव्हा सगळे झोपत. आता सगळे जागत होते आणि झोपत कुणीच नव्हतं. बांधाचं भांडण उठल्यावर विसरलं जाईना. ते संध्याकाळी वाढे आणि सकाळी काठ्यांवर येई. तान्ही बाळं रडत. पाळणे हलत, पण त्यांना ताल नव्हता.

आणि मुलगी? तिला आता झोपायला कुणाची आडकाठी नव्हती. पण डोळे मिटले की तिला आग दिसे, आणि ती किंचाळून उठे. अन्नावाचून माणूस झिजतं, तसंच झोपेवाचूनही झिजतं. तिच्यानं पाणी शेंदवेना. मग चूल पेटेना. मग एके दिवशी ती दारातल्या वाकळेवरून उठूच शकली नाही.

माळ जळाला तेव्हा टिटवीची अंडीही गेली होती. ती दुपारी मुलीच्या अंगणात उतरली आणि तिच्याकडे बघत राहिली.

"अशी मरशील," टिटवी म्हणाली. "हाक मार."

"माझ्या हाकेला आता काय अर्थ उरलाय?"

"उरला नाही, तेच बरं झालं. आता तुला हवा तो अर्थ घाल."

आयुष्यात तिनं स्वतःसाठी कधी कुणाला हाक मारली नव्हती. मारायची कशी, हेही तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं ओठ ओले केले.

"कुणी येता का?" ती म्हणाली. "मला झोपायचंय. कुणीतरी जवळ बसा."

गाव जागंच होतं. ती हाक घराघरात ऐकू गेली. लोक उठून बसले, त्यांनी दारातून डोंगराकडे पाहिलं. धूर नव्हता. ते पुन्हा आडवे झाले. दुपारी ओ द्यायची नाही, ही रीत अजून मोडली नव्हती.

तिनं पुन्हा हाक मारली. या वेळी दोन घरांची दारं आतून लोटून घेतल्याचा आवाज आला.

तिसऱ्या वेळी तिचा आवाज लहान मुलासारखा फुटला. "काकू!" ती म्हणाली. "काकू, मला झोप येते."

अर्ध्या शाकारलेल्या घरात पाटलीणकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या. त्यांनी पदर खोचला.

"कुठं निघालीस?" पाटील म्हणाले. "कुणामुळं घर बसलं आपलं, विसरलीस?"

"माझ्यामुळं," काकू म्हणाल्या. "तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, झोपून उठल्यावर बोलू."

काकू उंबऱ्यावर आल्या. समोर भर दुपारचा रस्ता पडला होता, आणि दाराआड सगळं गाव कान देऊन जागं होतं. त्या रस्त्यावर दुपारी वणव्यावाचून आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. काकूंनी चढवला.

"ओ!" त्या म्हणाल्या. "ओ गं पोरी! आले मी!"

ज्याच्या जागण्यावर आपण झोपतो, त्याची झोप राखणं हे आपलंच काम असतं, आणि ते उद्यावर टाकायचं नसतं.